शांत नव्हतीच ती

प्रिय चिमणे,

रविवारी तू आलीस, बरं वाटलं. एवढी मुख्याध्यापिका झालीस, तरी माझ्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या स्टुलावर बसूनच चहा प्यालीस. पण जाता जाता जे बोललीस, त्यानं तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. "मावशी, सिस्टरांना संतपद मिळावं म्हणून चर्चचं चौकशी मंडळ येतंय. तुम्ही सख्ख्या बहीण. एवढंच सांगा, त्या शांत होत्या, आज्ञाधारक होत्या, कधी आवाज चढवला नाही."

शांत? माझी ताई? अगं, बाबांनी माझी शाळा सोडवून लग्न ठरवलं, तेव्हा हिनं जेवण सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही! शेवटी बाबाच कंटाळले आणि माझं नाव पुन्हा शाळेत घातलं. मठात जाऊन सिस्टर झाल्यावरही तशीच. गरिबांच्या पोरांसाठी फुकट शाळा काढणाऱ्या एका जुन्या संताची गोष्ट ती नेहमी सांगायची. म्हातारपणी त्याला वरिष्ठांनीच पदावरून हटवलं आणि मेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी संत केलं. मी म्हणायचे, उशिरा का होईना, केलं ना? ती फणकारायची, "मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून केलं!"

तुला तो दिवस किती आठवतो, कोण जाणे. तुझी आई धुलाई कारखान्यात, आणि सोड्यानं तुझ्याही इवल्या हातांना चिरा पडलेल्या. ताईनं तुला थेट पहिल्या बाकावर बसवलं. बाकीच्या मुलींच्या आया तणतणत मठाच्या मुख्य मदरकडे गेल्या. मदर वर्गात येऊन म्हणाल्या, हिला उठवा. ताई सगळ्यांदेखत कडाडली, "ही उठली तर मीही उठते!" गाजावाजा नको म्हणून तुला ठेवलं. ताईला मात्र उठवलं. कुठल्याशा वृद्धाश्रमाच्या मुदपाकखान्यात धाडलं आणि पुन्हा खडू म्हणून हातात दिला नाही. मी भेटायला गेले की बटाटे सोलता सोलता आधी तुझी चौकशी. चिमणी कितवीत गेली? गणित जमतं ना तिला? मदरांचं नाव काढलं की सुरी आपटायची. त्यांना तिनं माफ केलं असेल असं मला वाटत नाही. संताला हे शोभत नसेल, तर नसू दे.

आणि आता त्याच शाळेत तिची तसबीर लावलीत, हात जोडलेली, नजर खाली. तुम्हाला ती वेदीवर हवी आहे, पण तोंडात बोळा कोंबून.

मंडळापुढे मी हे सगळं सांगणारच आहे. पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. तू गेलीस आणि शेजारची इस्त्रीवाली डोळे पुसत आली. तिच्या मुलीला तू प्रवेश नाकारलास. जागा नाही म्हणाली असतीस, तर मी गप्प बसले असते. "इतर पालकांना चालणार नाही," असं म्हणालीस तिला. तू, चिमणे! हे शब्द तुझ्या जिभेवर आले तरी कसे? सोमवारी प्रार्थनेच्या आधी मी त्या पोरीला घेऊन येतेय. ती वर्गात बसल्याशिवाय हलणार नाही, आणि आवाज मलाही चढवता येतो. शिपायाला सांगून ठेव, आम्हाला फाटकाशी अडवू नको म्हणून.

रागावलेली, तरी तुझीच,
मावशी