मागं बसणाऱ्या कवयित्रीची मिरवणूक

कोल्हापूर, बुधवार

ती. सौ. अक्काच्या पायांशी धाकट्या दीपाचा जय जिनेंद्र.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी पथ्य सोडलं असणार, हे मला इथं बसूनही दिसतं. म्हैस व्याली का? कुरुंदवाडात ऊन तापायला लागलं असेल, तरी तू डोक्यावर पदर न घेता हिंडत असशील. इकडे आम्ही खुशाल. अनेकांतची तब्येत तर इतकी ठणठणीत आहे, की मला स्कूटरवरून सोडायचा आणि आणायचा त्याला कधी कंटाळा म्हणून येत नाही. (तेच माझं दुखणं आहे, पण ते पुढं येईल.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसायला लागली असतीस, म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की माझ्या कवितेची मिरवणूक निघाली. आमच्या गावात पोरगं दहावी पास झालं, पैलवानानं कुस्ती मारली, की लगेच हलगी लागते. मग कवितेनंच काय घोडं मारलंय? महिला दिनाला पेठेतल्या महिला मंडळानं मला बोलावलं होतं. मंडळाची अध्यक्ष क्रांती, पार्लर चालवते, आणि तिच्या आवाजाला माईक लागत नाही. तिनं मोबाईलवर माझी 'मी मागं बसत नाही' ही कविता ऐकली होती. 'मागं बसून नुसती पाठ बघितली, आता पुढं बसून रस्ता बघते मी' हीच ती. आता असं लिहिणारी बाई घरातनं बुलेटवरच बाहेर पडत असणार, हे क्रांतीनं धरूनच चाललं. म्हणून तिनं माझ्या स्वागताला बायकांची गाड्यांवरून फेरी काढली. नऊवारी, भगवे फेटे, डोळ्याला गॉगल, आणि सगळ्यांत पुढं झेंडूच्या माळा घातलेली एक बुलेट. ती माझ्यासाठी.

मला यातलं काहीएक माहीत नव्हतं. मी आपली शाल, नारळ, दोन कविता आणि नंतर वडा-कॉफी, एवढ्या तयारीनं निघालेली. अनेकांतनं नेहमीप्रमाणं मला अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवलं. (कवयित्रीची अब्रू जपायची म्हणून तो कार्यक्रमाच्या दारात कधीच सोडत नाही. नवरा समजूतदार असावा, पण इतका?) तिथनं चालत मंडळात गेले, तर बायकांनी मला धरून फेटा बांधला, बाहेर आणलं आणि हातात चावी ठेवली.

अक्का, तुला ठाऊकच आहे, मला सायकलसुद्धा धड येत नाही. लग्नानंतर एकदा कळंब्याच्या तळ्याकडं स्कूटर शिकायला गेले आणि सरळ उसात शिरले. अनेकांतनं मला बाहेर काढलं, अंगावरचा पाला झाडला आणि फार मायेनं म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी हाय की." त्या 'मी हाय की'नं माझं वाटोळं केलं. तो खेकसला असता, तर मी इरेला पेटून आठवड्यात शिकले असते.

मग कविता आली कुठून? तुझ्याकडून. दाजी अंथरुणाला खिळले तेव्हा तू लुनाला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालायला लागलीस. पारावरचे बाप्ये दात काढायचे. एकदा त्यांच्या समोरच चिखलात पडलीस आणि लुगडं झाडायच्या आधी किटल्यांची झाकणं बघितलीस. मी शाळेच्या गणवेशात उभी होते, अभिमानानं मला रडू फुटलं होतं. ते सगळं उचलून मी कवितेत घातलं आणि वर 'मी' असं लिहून मोकळी झाले. माझा आत्मविश्वास हा असा माहेराहून आलेला. माझी स्वतःची फक्त भीती, आणि तिच्यावर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही.

तर चावी हातात, हलगी जोरात. मी म्हटलं कंबरेत चमक भरलीय. एकीनं लगेच मलम काढलं. चष्मा विसरला म्हटलं. तो माझ्या नाकावरच होता. मागं गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. क्रांती म्हणाली, "ताई, किल्ली फिरवा की. यष्टी खोळंबलीया मागं." आणि माझ्या तोंडातनं एकदम बाहेर पडलं, "मला येत न्हाय."

हलगी थांबली.

"मग कविता कुणाची हाय?" क्रांतीनं विचारलं.

"आमच्या अक्काची. मी नुसती लिवली."

आता ही माझ्या डोक्यावरचा फेटा उतरवणार, असं मला वाटलं. तिनं चावी घेतली, बुलेटवर टांग टाकली आणि म्हणाली, "बसा मागं. पर अक्काला आणायचं हितं."

आणि अशा रीतीनं 'मी मागं बसत नाही'ची कवयित्री अख्ख्या पेठेतनं मागं बसून मिरवली. कोपऱ्यावर अनेकांत उभा राहून टाळ्या वाजवत होता. सभागृहात मी कवितेआधी तुझी गोष्ट सांगितली. बायका हसल्या, डोळे पुसले, लुनाला टाळ्या पडल्या. एरवी व्यासपीठावर माझा आवाज कापतो. त्या दिवशी कापला नाही. फार बरं वाटलं, अक्का.

दाजींना नमस्कार, म्हैस व्याली असली तर रेडकाला गोंजारणं.

तुझी,
दीपा

ता. क. रविवारी मंडळात तुझा सत्कार ठरलाय. लुना मोडीत गेली, तरी येताना स्वतःच्या स्कूटरवरून ये, बायकांना बघायचं आहे.

ता. क. आणखी एक. सत्कार हे निमित्त. सत्कार झाल्यावर तू मला गाडी शिकवायची आहेस. रागावून शिकव.

ता. क. शेवटचं. काल रात्री अनेकांतला विचारलं, इतक्या वर्षांत मला पुन्हा शिकवलं का नाहीस? त्यानं स्कूटरची चावी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "तू शिकलीस म्हंजे मी कुणाला सोडायचं?" अक्का, हे ऐकल्यापासून माझा जीव इतका विरघळलाय, की शिकायचं राहूच दे असं वाटायला लागलंय. तेव्हा रविवारपर्यंत थांबू नकोस. शनिवारीच ये.