फावड्याशिवाय चालणं

७ जुलै
पाऊस भुरभुर. झोप नाही.
कृषी केंद्रवाला दरवर्षी फुकट देतो ती ही डायरी. आजवर हिच्यात पाऊस लिहिला, खत लिहिलं, रोवणीला कोण आलं ते लिहिलं. यंदा शेत ठेक्याने महादेवकडे, आमच्याकडे कामाला यायचा तो. त्यामुळे लिहायला उरली ती माझी झोप. हेही दिवस बघायचे होते.
छातीत जाळी बसवली तेव्हापासून दिवसभर खाट, टी.व्ही., चहा. अंग थकत नाही. न थकलेल्या अंगाला रात्री झोप द्यायची कोणी?

११ जुलै
गोंदियाला डॉ.कडे. झोपेची गोळी मागितली, नाही म्हणाले. "चलना है, रोज. काम नहीं करना, बस चलना है."
परत येताना ऑटोत सौ.ला विचारलं, काम न करता चालायचं म्हणजे कसं? म्हणाली, कॉलनीतले लोक चालतात तसं. म्हणजे हात हलवत. मला हसूच आलं. तिला नाही आलं.
पोराने, नितीनने, नागपूरहून पांढरे बूट पाठवलेत. घरात बैल होते तेव्हा त्यांचंही इतकं कौतुक झालं नसेल.

१४ जुलै
बूट घालून निघालो. किराणा दुकानापाशी, पुलापाशी, शाळेपाशी, जागोजागी एकच. "कुठी चालले भाऊ?" कुठेच नाही म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात. एकाने हळूच विचारलं, "कोनी गेलं का?" गावात माणूस रिकाम्या हाताने सकाळी निघाला म्हणजे मयतीलाच निघाला. अर्ध्यातून परत.
झो. ना.

१७ जुलै
आज फावडं खांद्यावर टाकून निघालो. जादू झाली. एकानेही काही विचारलं नाही. उलट रामराम घातले. कालव्याच्या कडेने आमच्या बांध्यांपर्यंत, धानाच्या खाचरांपर्यंत गेलो, धुऱ्याच्या बांधावरून चक्कर मारली, परत. फावडं फक्त खांद्यावर, जमिनीला टेकवलंसुद्धा नाही.
झो. ब. म्हणजे बरी. हे अक्षर कितीतरी दिवसांनी लिहिलं.

२१ जुलै
महादेवची धानाची रोवणी चालू. तो पलीकडच्या टोकाला, बायांना रोपांच्या पेंढ्या टाकत होता. माझ्या पायाशी खेकड्याने धुऱ्याला भोक पाडलेलं, पाणी सुळसुळ पळत होतं. भोक दिसतंय, फावडं खांद्यावर आहे, आणि माणूस नुसता बघत राहील? दोन फावडी चिखल टाकला, पायाने दाबला. झालं.
रात्री ढाराढूर.
सौ.ला सांगितलं नाही.

२६ जुलै
तिला कळलंच. फावड्याचा चिखल बघितला. आमच्या पोवारी बोलीत म्हणाली ते मराठीत लिहायचं तर, चालण्याला चिखल कधीपासून लागतो? मी म्हटलं, वाट तशी आहे. तिने फावडं धुऊन ठेवलं आणि दिवसभर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिची भीती खोटी नाही. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर ती बसली होती, मी नाही.
पण मी झोपतोय, हेही तिला दिसतं आहे. म्हणून गप्प.

३ ऑगस्ट
नितीन आला होता. जेवण झाल्यावर अंगणात उभं राहून गोंदियाकडच्या मुर्रीच्या बाजूला बघत होता. तिकडून प्लॉट येत येत आमच्या शेजारच्या शेतापर्यंत आलेत. मुरूम पडला, सिमेंटचे दगड गाडले, फलक लागला.
म्हणाला, "बाबा, तुम्ही करू शकत नाही, मला करायचं नाही. महादेव करतोय तोवर ठीक आहे. त्याने सोडलं की मग विकू."
मी म्हटलं, तो सोडत नाही.
खात्रीने म्हटलं. पोरगा वाईट नाही, बोलला तेही खरंच बोलला. पण म्हणजे एवढंच राहिलं आहे. महादेव आहे तोवर शेत आहे. नवा ठेकेदार कोण बघणार, कोणाला कुठे वेळ आहे. आता शेतीला माणसं मिळतात कुठे?

९ ऑगस्ट
सर्दी-ताप. दोन दिवस घराबाहेर नाही. झो. ना., झो. ना.
पडल्या पडल्या बांध्यांचे प्लॉट पाडत होतो. तळ्याकडची बांधी म्हणजे कोणाचं तरी स्वयंपाकघर. आंब्याखालची म्हणजे गाडी लावायची जागा. बाबांनी जिथे विहीर खणायला घेतली आणि खडक लागला तिथे संडास. उठून पाणी प्यालो. असल्या विचारांवर गोळी असेल तर द्या म्हणावं डॉ.ला.

१३ ऑगस्ट
ताप उतरला. फावडं घेऊन निघालो. मधल्या बांधीची पाण्याची वाट उघडी, सगळं पाणी खाली चाललेलं. महादेव हल्ली निष्काळजी झाला. बुजवली.

१४ ऑगस्ट
पुन्हा उघडी. पुन्हा बुजवली. झो. ब.

१५ ऑगस्ट
शाळेत झेंडा. येताना शेताकडून आलो. तीच वाट, आज तिसऱ्यांदा उघडी. आणि आज युरियाचं रिकामं पोतं धुऱ्यावर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो युरिया फेकायला पाणी उतरवत होता आणि मी रोज सकाळी जाऊन अडवत होतो. मीही जन्मभर तसंच करत आलो, तरी सुचलं नाही. माझ्या बुजवण्याने त्याचे दोन दिवस गेले.
तो एका शब्दाने बोलला नाही. निमूटपणे उघडत राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. जाऊन सांगावं असं आलं मनात, पण कोणत्या तोंडाने?

१८ ऑगस्ट
किराणा दुकानवाला विचारतो, "भाऊ, पुढच्या साली सोताच करून राहिले मने शेत?"
कोण म्हणतं विचारलं, तर म्हणे सगळेच. रोज फावडं घेऊन जाता, पाणी अडवता, लोकांना डोळे आहेत.
घरी आलो तर सौ.कडे त्याहून मोठी बातमी. नळावर महादेवची बायको भेटली होती. तो दुसऱ्या गावात शेत बघून आला आहे. तिने सांगितलं आणि चुलीकडे गेली.
हात दाखवून अवलक्षण ते हेच. आज फिरलो नव्हतो, तशी झोप येणार नव्हतीच. पण आज भीतीने गेली.

२० ऑगस्ट
महादेव सकाळी आला. खुर्ची दिली, तो उंबऱ्यावरच बसला. चहा घेतला नाही. हा माणूस या घरात चहा नाही म्हणाला असं कधी झालं नव्हतं.
म्हणाला, "शेत वापस पायजे असन तं सरळ सांगा. रोज फावडा घेऊन काऊन येऊन राहिले?"
मी खरं ते सांगितलं. डॉ.नी चालायला सांगितलं, फावडं नसलं तर लोक विचारतात, हाताला काम लागलं की झोप लागते, एवढंच. बोलताना मलाच ते पोरकट वाटत होतं. साठीतला माणूस, झोपेसाठी दुसऱ्याच्या धुऱ्यावर चिखल टाकतो.
तो म्हणाला, "तुमाले झोप यावी मनून माही काऊन उडवून राहिले, भाऊ? मी रोज पायतो, आज कोनत्या बांधीले हात लागला. मंग घरी बायकोले सांगतो, गेलं हे शेत."
मी म्हटलं, शेत तुझ्याकडेच आहे.
"पुढल्या सालचं दिवाळीले बोलू," म्हणाला आणि उठला.
दारामागे सौ. उभी होती. तिने सगळं ऐकलं. नितीनला कळवू नको म्हटलं तर म्हणाली, मी कशाला कळवू.

२२ ऑगस्ट
फावडं माळ्यावर टाकलं. बूट घातले. मुर्रीच्या रस्त्याने, कॉलनीतल्या लोकांच्या मागून हात हलवत. एका रिटायर साहेबांनी विचारलं, "वॉक?" हो म्हटलं. "अच्छा है, नींद अच्छी आती है." त्यांना काय सांगणार.
रस्त्यावरून आपलं शेत दिसतं. मान तिकडे वळवायची नाही असं ठरवलं होतं. वळलीच.
चाललो पूर्वीइतकंच. झो. ना. आपण उगाच चाललोय हे पायांना कळत असणार.

२ सप्टेंबर, पोळा
दारात बैल नाहीत, तरी सौ.ने पुरणपोळी केली. महादेव दरवर्षी दिवे लागताना येतो, पाया पडतो, पोळ्याच्या बोजाऱ्याचे पैसे घेतो, पोळी खातो, ताटं उचलायची राहतात इतकं बोलतो. यंदा बायको एकटी आली. "त्याईले बरं नाई," म्हणाली. दुपारी मी त्याला चौकात तोरणाखाली उभा बघितला होता. चांगला धडधाकट होता.
मी तिला पोळ्या बांधून दिल्या, त्याच्याही. ती घेऊन गेली, हेच काय ते बरं झालं.

९ सप्टेंबर
रात्रभर पाऊस. सकाळी उघडला तसा बूट घालून निघालो. रस्त्यावरूनच दिसलं. तळ्याकडच्या बांधीचा धुरा फुटायला आलेला, खेकड्याच्या भोकाची चांगली मांडीएवढी वाट झालेली. पाणी घळाघळा नाल्यात. धान पोटरीत आलेलं. आता पाणी गेलं आणि पाऊस उघडला तर काय राहतं?
महादेवला फोन लावला. लागेना. तो सालेकशाकडे, कचारगडच्या डोंगराखालच्या गावात, सासुरवाडीकडच्या कोणाच्या तरी तेरवीला गेलेला. त्याच्या घरी जाऊन आलो, दाराला कुलूप. पुन्हा फोन. नाही.
रस्त्यावर उभा राहिलो. हात लावला तर शेत परत घेतो म्हणेल. नाही लावला तर त्याचं पीक जाईल, आणि पीक गेलं तर तो असाही जाईल. घोडं दोन्हीकडे पेंड खात होतं. फावडं आणायला घरी गेलो नाही. फावड्याने काम करणार नव्हतो, एवढं मनाशी पक्कं होतं. हा काय मोठा नियम पाळला, देव जाणे.
बूट रस्त्याच्या कडेला काढून ठेवले आणि उतरलो. हातानेच दगड, गवत, चिखल. पाणी सगळं ओढून नेत होतं. शेवटी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यात चिखल बांधला, कोंबला, वर बसलो. तेव्हा थांबलं.
मग छातीत कसंसंच झालं. धुऱ्यावरच आडवा झालो. आकाश बघत पडलो होतो आणि पहिल्यांदा वाटलं, सौ.ला सांगून यायला हवं होतं. हळूहळू बरं वाटलं.
घरी सौ.ने चिखलाचे पाय बघितले. गरम पाणी काढलं.

१० सप्टेंबर
झो. ब. इतकी बरी की सौ.ने हलवून बघितलं म्हणे, आहे की गेला.
हेच वाईट आहे. झोप लागली नसती तर मनाला सांगता आलं असतं, फक्त त्याच्या धानासाठी उतरलो. आता माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही.
महादेवचा फोन आजही बंद. तो बघायच्या आधी मी सांगावं अशी इच्छा होती. रात्री उशिरा परतणार, असं शेजारी म्हणाले.

११ सप्टेंबर
पाऊस नाही. सकाळी रस्त्याने गेलो, फक्त बूट, हातात काही नाही. महादेव आधीच धुऱ्यावर. तिथेच उकिडवा बसलेला. दुपट्ट्याचं टोक चिखलातून बाहेर आलेलं लांबून दिसत होतं. माझा दुपट्टा गावात कोणालाही ओळखू येतो.
त्याने वर बघितलं. मी दोन्ही हात वर केले, रिकामे, की बघ बाबा, फावडं नाही. ओरडून सांगण्याइतकं अंतर होतं, पण काय ओरडणार?
त्याने हात केला नाही. मग उठला. वाटलं दुपट्टा उपटून फेकतो. त्याने नाही उपटला. फावड्याने वर चिखल टाकला, पायाने दाबला, पुन्हा टाकला, पुन्हा दाबला. आणि पलीकडच्या टोकाने निघून गेला. माझ्या बाजूला आला नाही.
याचा अर्थ काय लावायचा, दिवसभर लावतोय. दिवाळी अजून लांब आहे.
संध्याकाळी सौ.ने विचारलं, "तुमचा दुपट्टा कुठी गेला?"
शेतात आहे म्हटलं, महादेवने धुऱ्यात दाबला.
ती तांदूळ निवडत होती.
"मंग राहू द्या तिथीच," म्हणाली.