ट्रॉलीवरचं छप्पर

प्रिय बाबा,

माणूस गेल्यावर त्याच्या ट्रॉलीचं काय करायचं असतं? तुमच्यामागे काकाजी रोज हेच विचारायचे. बी.ए.च्या कोणत्याच पेपरात हे नव्हतं. कालपासून तर एका जागी बसवत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ती अंगणाबाहेर उघडीच उभी होती. ट्रॅक्टर पडवीत मावतो, ट्रॉली मावत नाही. "यंदा हिच्यावर छप्पर टाकू," असं तुम्ही दर उन्हाळ्यात म्हणायचात. का नाही टाकलंत? बांबू आणायचात, जुनी टिनं जमवायचात, आणि ती दुसऱ्याच कोणाच्या गोठ्यावर जायची. तुम्हाला नाही म्हणता येत नसे. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि रागही येतो.

याच ट्रॉलीत तणस अंथरून तुम्ही साऱ्या गल्लीतल्या पोरांना दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला न्यायचात. माझा निकाल लागला त्या दिवशी चौकात हिच्यावर उभं राहून ओरडलात, "आमच्या घरची पयली ग्रॅज्युएट हाये!" शेजारची भागाबाई खालून म्हणाली, "पेढा दे ना भाऊ, भाषण कायले देतं?" सगळे हसले. सगळ्यात जास्त तुम्हीच.

यंदा अवकाळी पावसाचं पाणी तिच्यात साचलं आणि तळाचा पत्रा गंजायला लागला. काकाजी म्हणाले, "मिरगाच्या आत छप्पर झालं तं ठेवू. नाही तं लाखनीचा गिऱ्हाईक हाये. सडवून कायले ठेवाची?" आईनं कुदळ काढून माझ्यापुढे ठेवली.

मी खड्डे खणले, आईनं खांबांभोवती माती ठोकली. बांबू दोघींनी मिळून बांधले. टिनं टाकायला मात्र कोणी येईना. मृगाआधी गावातला प्रत्येक गडी आपापल्या घरावर कवेलू फेरत असतो, फुटकी कौलं बदलत असतो. आणि बाईनं छपरावर चढायचं नाही, घरावर संकट येतं म्हणतात. तिनं खालून कवेलू द्यायचे, इतकंच. मला एकटीला साकोलीच्या कॉलेजात पाठवलंत, पण शिडीवर पाय ठेवला की म्हणायचात, "उतर, घराले लागते." काय लागतं, बाबा? तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

काल दुपारी आभाळ भरून आलं. मी शिडी लावली.

"नोको चढू वो," आई म्हणाली. "लोकं काय म्हणतीन?"

"टिन दे वर."

"पडशीन ना."

"मंग शिडी धर."

तिनं शिडी धरली. समोर भागाबाईचा नवरा छपरावरच होता. कवेलू हातात तसाच धरून म्हणाला, "काहून वो पोरी, आता बाया वर अन् आम्ही चुलीपाशी का?"

आईच बोलली, "भाऊजी, टिनं टाकाले येतो म्हणले होते ना परवा? मंग या."

तो पाठ फिरवून कवेलू फेरू लागला.

शेवटचं टिन ठोकलं आणि सरी आल्या. काकाजी धावतच आले. "पोरीनं चढून टाकलेलं छप्पर मी जमेत धरत नाही. गिऱ्हाईक रविवारी येऊन राहिला," म्हणाले. हे बोलताना ते त्याच छपराखाली उभे होते, अंगावरचं पाणी झटकत.

उद्या आईला साधा ताप आला तरी लोक या छपराकडे बोट दाखवतील. मला भीती वाटते, बाबा. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? रागावला असतात, की खिळे हातात दिले असते? ट्रॉलीच्या तळाला हात लावून पाहिलं. एका कोपऱ्यात टिपकतं, बाकी कोरडा आहे.

भाताच्या रोवणीला बाया याच ट्रॉलीतून शेतातल्या बांध्यांवर जातील. मी ट्रॅक्टर शिकेन, आणि अंधार पडायच्या आत प्रत्येकीला तिच्या दारात उतरवीन. हा माझा तुम्हाला शब्द.

आज सकाळी लाखनीच्या गिऱ्हाइकाला फोन केला. नंबर आईनंच काढून दिला. ट्रॉली विकायची नाही, रविवारी येऊ नका, असं त्याला सांगितलं. मग काकाजींच्या घरी जाऊन तेही सांगून आले.

तुमचीच,
प्रणाली