कानांवरची शांतता

३ सप्टेंबर
परमेश्वराची कृपा अगाध आहे. निवृत्तीनंतर पुन्हा पाद्रीपणाची सेवा घडेल असे वाटले नव्हते. परंतु शिकागोतील एका जुन्या लुथरन चर्चने हिवाळा संपेपर्यंत मला बोलाविले आणि पत्नी मार्गित व मी उपनगरात, कन्या कारिनच्या घरी राहावयास आलो. चर्चमधील गायकवृंद मार्गित सांभाळणार. सत्तरीतही तिचा आवाज घंटेसारखा खणखणीत आहे.

रोज दोघांनी आगगाडीने सरोवराच्या काठाने चर्चला जावयाचे. प्रवासासाठी कारिनने मला बिनतारी हेडफोन दिले. बाहेरचा गोंगाट ते नाहीसा करतात. आज ते लावून ऑर्गनवरील स्तोत्रे ऐकली. चाकांचा खडखडाट असा विरला, की वाटले, पहिला शब्द उच्चारला जाण्यापूर्वी सृष्टी अशीच निःशब्द असावी. मार्गितने टोमणा मारला, "पाद्रीबुवा, कानात बोळे घालून स्वर्गात जाता येत नाही हो!"

६ सप्टेंबर
समोरच्या बाकावर एक तान्हे मूल आकांत करीत होते. मी हेडफोन लावून संगीतात तल्लीन झालो. उतरताना ते काढले, तेव्हाही मूल रडतच होते: तोंड वासलेले, चेहरा लालबुंद, गालांवर अश्रू. आवाज मात्र नव्हता. आई त्याची पाठ थोपटत विनवीत होती, "रड ना रे राजा, रड ना!" घसा बसला असावा. त्या दोघांसाठी प्रार्थना केली.

१० सप्टेंबर
आज शांत डब्यात बसलो. तेथे मोठ्याने बोलू नये असा दंडक; तरी एक विमा विक्रेता फोनवर सासूची टवाळी करीत खिदळत होता. "म्हातारीला काय धाड भरलीय? आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाईल ती!" मी हेडफोन लावून बटण दाबले. थोड्याच वेळात तो स्वतःचा गळा चाचपू लागला. ओठ हलत होते, इतकेच. मार्गित थट्टेने म्हणाली, की माझ्या यंत्रानेच त्याची वाचा गिळली.

मला हसू आले नाही. परंतु बरे वाटले, हे नाकारता येत नाही.

१२ सप्टेंबर
रविवारचे प्रवचन जुळेना. विषय: जिभेवरील संयम. मार्गितचे बोलणे अखंड चालले होते: गायिकांचे हेवेदावे, कारिनचे खारट सूप. "ऐकतोयस का, एलियास? की नुसताच हूं हूं करतोयस?"

यंत्र हातात होते. ते मूल आठवले, तो विक्रेताही आठवला. योगायोग, असे मी मनाशी म्हटले. म्हणतानाच ते मला पटत नव्हते. तरीही लावले. एका परिच्छेदापुरते.

१३ सप्टेंबर
मार्गित मुकी झाली आहे. डॉक्टरांना गळ्यात काहीही दोष आढळत नाही. तिने कागदावर लिहिले, "तू ते लावलंस ना?"

मी नाही म्हणालो. तिच्या डोळ्यांत पाहून.

१५ सप्टेंबर
उपासनेत ती गायकवृंदापुढे उभी राहिली. हात उचलले, तोंड उघडले. सारे वाट पाहत राहिले. मग तिने हात खाली घेतले.

परतताना संगीत न लावता यंत्र कानांवर ठेवले. आत मूल रडत होते. विक्रेता त्या सासूलाच हाका मारीत होता. आणि त्यांच्याही पलीकडून मार्गित, "एलियास, इथं फार काळोख आहे रे. काढ ते."

काढले. शेजारी ती खिडकीबाहेर पाहत बसली होती.

१७ सप्टेंबर
तिचा आवाज केवळ तेथेच आहे. कसे काढू? नाश्त्याच्या वेळी कारिन काहीतरी सांगत आली, आणि माझ्या कानांवर — तीही आता आत आहे. मायलेकी एकमेकींना हाका मारतात. सापडत नाहीत.

१८ सप्टेंबर
गाडीत. मार्गित माझ्याजवळ बसत नाही; ती पुढच्या डब्यात आहे. डबा रिकामा, गिळण्यास कोणाचाच आवाज नाही, म्हणून निर्धास्तपणे लावले. ऐकतच लिहितो आहे.

आतून ती म्हणते, "काढ, मूर्खा, काढ! आता ते तुझं —"

माझे काय? मी तर गप्प आहे. कानांत केवळ हृदयाचे ठोके, अशा शांततेत ऐकू येतात तसे —

ती किंचाळते आहे — ठोके हलके झाले — मध्येच थांबून — तिचा आवाज मात्र किती स्पष्ट, किती जवळ — काढावयास हवे — हे एक वाक्य ऐकून — एवढे एकच —

ठोका — मग —