विधवा शिक्षिका, पान तीन

कुंभार पिंपळगाव,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. श्रीपतीस,
ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, शाळा चालू आहे. फोनच केला असता, पण तू घरच्यांचेही कॉल रेकॉर्ड करतोस, आणि माझं बोलणं तुझ्या अंकात वाचायची मला हौस नाही. म्हणून पत्र.

तुझ्या 'उघडा डोळा' साप्ताहिकाचा दोन आठवड्यांपूर्वीचा अंक शेजारच्या उषाबाईंनी पदराखाली लपवून आणला. पहिल्या पानावर लाल अक्षरांत: 'कुंभार पिंपळगावच्या विधवा शिक्षिकेची रासलीला! दर रविवारी बंद दाराआड काय चालते? वाचा पान तीनवर.' पान तीनवर चार ओळी आणि केस उगवायच्या तेलाची जाहिरात. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, तरी पुढच्या आठवड्यात तो पुन्हा घेतो. उरलेलं तो आपल्या मनानं भरतो, आणि ते त्याला फार गोड लागतं. आमचे मुख्याध्यापक तुझा अंक दैनिकाच्या घडीत घालून वाचतात आणि मग समाज कसा बिघडला ते आम्हाला सांगतात. असले तुझे वाचक.

तुझी पद्धत मला ठाऊक आहे. जागा उरली की हीच शिक्षिका बाहेर काढतोस. उन्हाळ्यात ती भोकरदनला होती, गणपतीत अंबडला. गाव तेवढं बदलायचं. या खेपेला पाळी आमची आली. इथं विधवा शिक्षिका एकच आहे आणि तिनंच तुला बाराखडी शिकवली, एवढंही तुझ्या ध्यानात आलं नाही. धन्य तो संपादक.

मी उषाबाईंना म्हटलं, सगळं बनवलेलं आहे. त्या म्हणाल्या, "बाई, सख्ख्या भावानं छापलंय. मंग ते खोटं कसं आसंल?"

मी गप्प बसले. एक तर तुझा संताप आला होता. दुसरं कारण आता सांगूनच टाकते.

अंबडच्या कोर्टातून निवृत्त झालेले आदिनाथराव खरोखरच दर रविवारी येतात. दार उघडं असतं, उषाबाईंची कोंबडी आत येऊन जाते. आम्ही भाजी निवडतो, बातम्यांवरून भांडतो. त्यांची बायको गेली तशी तेही एकटेच. लग्नाचं त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी विचारलं. मी नाही म्हणत राहिले. गाव काय म्हणेल, श्रीपतीला चारचौघांत मान खाली घालावी लागेल. तुझ्या मानेची काळजी करत होते मी!

आता गावाचं सगळं म्हणून झालं. मी सोमवारी नेहमीसारखी शाळेत गेले, फळा पुसला, पाढे घेतले. काही बिघडलं नाही. मग आदिनाथरावांना हो म्हटलं.

लग्न नोंदणीचं, जालन्याला, १७ डिसेंबरला. नोटीस आमच्या पूर्ण नावांनिशी कचेरीच्या फळ्यावर लागली आहे. जिल्ह्यातल्या घराघरांत डोकावणाऱ्या तुझ्या खास प्रतिनिधींपैकी एकालाही ती दिसली नाही. दर रविवारी माझ्याकडे कुणी येतं, ही तुझ्या अंकात आजवर आलेली एकच खरी बातमी, आणि तीही तू चुकून छापलीस.

तीन साक्षीदार लागतात. दोन मिळाले. तिसरा तू असावास असं मला मनापासून वाटतं, आई गेल्यापासून माझं माणूस तूच. पण तिथं 'आमच्या खास प्रतिनिधीकडून' चालत नाही. स्वतःचं नाव लिहून त्याखाली सही करावी लागते. तेवढं धाडस असेल तर अकरा वाजता ये. नसेल तर उषाबाई तयार आहेत.

नाव छापायला हरकत नसलेली,
तुझी ताई,
प्रेमला