दार मागच्या बाजूला हवं होतं

३ डिसेंबर २००१, तांडा
साखऱ्याला उतरून पायी आले. परभणीत आई म्हणते, इथे याडी. याडी म्हणाली, सुट्टी किती दिवस? म्हटलं, सुट्टी न्हाई, कामाला आले. "घरी कामाला?" खूप हसली. पण तसंच आहे. पीएच.डी.चा विषय हाच. जुना तांडा तलावात गेला, सरकारने ही घरं बांधून दिली. त्यांत माणसं कशी राहतात. निघताना माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "शोभा, घर आवडतं का असं विचारायचं नाही. लोक हो म्हणतात. नुसतं बघ. कुठे बसतात, कुठे पाठ टेकतात, काय कुठे ठेवतात."
उद्यापासून बघायचं. आपल्याच लोकांकडे असं टक लावून बघायचं म्हणजे...

५ डिसें.
पुढच्या खोलीत कुणीच बसत नाही. सगळ्यांच्या घरी तिथे ज्वारीची पोती, वर देवाचा फोटो. माणसं घरामागच्या पट्टीभर सावलीत, जनावरांजवळ. जुन्या तांड्यात दारं समोरासमोर होती, चूल पेटवता पेटवता बाया बोलायच्या. इथे घरं एका रांगेत, सगळी रस्त्याकडे तोंड करून. याडी म्हणते, "हाक मारली तर भिंतच ओ देते."
हे जसंच्या तसं लिहून घेतलं. मॅडमना आवडेल.

८ डिसें.
आज झमकूबाईकडे. शेजारीण, मला कडेवर खेळवलेली. संडासाचं दार उघडलं तर आत सरपण आणि एक शेळी. दोघी पोट धरून हसलो. मग विचारलं, काहून गं, मावशी?
"पाणी कुठून आणू? विहिरीवरून दोन घागरी येतात, त्या प्यायला पुरत न्हाईत. आन् हे दार बघ. बराबर रस्त्यावर. समोर पारावर बाप्ये बसून राहिलेत. डबा घेऊन त्यांच्यापुढून आत जाऊ?"
मग हसली नाही. दोन वर्षांमागं अंधारात नाल्याकडं जाताना घसरली, तेव्हापासून डावा पाय ओढते. "दार मागून द्या, एक नळ द्या. मग ही शेळी माझ्या चुलीपाशी बांधीन, पण ते वापरीन. लिही. बराबर लिही."
घरोघर हेच. आधी लाजतात, मग सगळं सांगतात. बाहेरच्या बाईला सांगितलं नसतं.

२० डिसें.
मॅडम येऊन गेल्या. जीप फाट्यापर्यंतच आली, पुढं चालत. भाकरी खाल्ली, याडीशी गप्पा. झमकूबाईने हात धरून सगळं दाखवलं, मॅडमनी फोटो काढले. परत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक दार फिरवायचं, बस्स. इतकी साधी गोष्ट नकाशावाल्यांना दिसली नाही. तुला दिसली."
दिवसभर हवेत.

१४ मार्च २००२, परभणी
प्रकरण चौथे पूर्ण. मॅडमना सरकारी काम मिळालंय: आमच्याच वस्तीचा टप्पा २, घरं कशी असावीत याचा अहवाल. माझे तक्ते, फोटो, सगळं मागून घेतलं. "तुझंही नाव घालते. अभ्यास कपाटात राहणार नाही, घरात उतरेल." दादा-भाबी अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, त्यांचं घर टप्पा २ मध्येच. भाबीला दुकानातून फोन केला. "मागून दार?" "मागून दार." किती वेळ हसत होती.

२ नोव्हेंबर, तांडा
दिवाळीला आले. पिशवी टाकून आधी टप्पा २ चे पाये बघायला गेले. भाबी सोबत. रांगेत सगळे पाये. दोन खोल्या, पुढं ओटा. संडास कुठंच नाही. वाटलं मलाच नकाशा कळेना. सुपरवायझरला विचारलं.
"ते काढून टाकलंय ना, ताई. लोक वापरत नाहीत, सरपण ठेवतात. अहवालात फोटो पण आहे, शेळीचा. परभणीच्या कुणा मॅडमचा अहवाल. शोभा राठोड म्हणून अजून एक नाव आहे."
भाबी माझ्याकडं बघत होती. मी पायाकडं.

३ नोव्हें.
झमकूबाईला सांगावं लागलंच. चिडेल वाटलं होतं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.
"मी तुला हसत दार उघडून दाखवलं, पोरी."
एवढंच. मग म्हणे, "आन् पाण्याचं? पायाचं? ते न्हाई सांगितलं तिनं?"
मी सगळं लिहिलं होतं गं मावशी. सगळं. हे इथे लिहितेय, तिथे तिच्यासोबत लसूण सोलत बसले. याडीने केलेलं गोड तसंच ताटात.

११ नोव्हें., परभणी
मॅडमच्या खोलीत. अहवाल मागितला, त्यांनी लगेच दिला, लपवलं काही नाही. माझं वाक्य आहे: बहुतांश घरांत शौचालयाचा वापर साठवणीसाठी होतो. त्याच्या पुढचं पान, बायांचं बोलणं, दाराची दिशा, पाणी, काहीच नाही. त्या जागी 'स्थानिक जीवनपद्धतीत शौचालयाची गरज जाणवत नाही.'
"मॅडम, हे खोटं आहे."
"तुझंच निरीक्षण आहे."
"अर्धं."
चष्मा काढला त्यांनी. म्हणाल्या, निधी कमी केला होता. एक खोली तरी जाणार होती, नाहीतर संडास. "मी त्यांना खोली वाचवून दिली. तू आकडे आणतेस, शोभा. निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो."
बायांना विचारायचं होतं, म्हटलं. त्यांनी अहवाल परत ओढून घेतला. मग मऊ आवाजात: "पुढच्या महिन्यात प्रबंध जाईल. माझी सही व्हायची आहे. शांत राहा. आईला फोन कर."
आईला फोन कर. माझ्या याडीच्या हातची भाकरी खाल्लेली बाई.

१२ नोव्हें.
बघायला ज्यांनी शिकवलं त्याच... 
त्यांनी दिलेला स्वेटर घातला होता दिवसभर, संध्याकाळी लक्षात आलं.

२४ नोव्हें., तांडा
पारावर बसणं झालं. तांड्याचे प्रमुख, नायक म्हणाले, तक्रार केली की कामच बंद पडतं, मग शेडमध्येच राहा. दादाही तेच. मला बाजूला घेऊन: "तुझी डिग्री जाईल, माझं घर जाईल. कुणाचं भलं?"
भाबी मागं बायांत होती. घरातल्या पुरुषांपुढं कधी बोलत नाही. आज उठली. "शेडमधून नाल्याकडंच जाते. नव्या घरातून बी नाल्याकडंच जाऊ? मग घर कशाचं?"
दादा तिच्याशी बोलून नाही राहिला.

२९ नोव्हें., हिंगोली
मी, भाबी, झमकूबाई. पुनर्वसन कार्यालयात दुपारपर्यंत बाकावर. साहेब तरुण, ऐकून घेतलं. मला म्हणाले, "अहवालावर तुमचंच नाव आहे. तुम्ही स्वतःच्याच अहवालाविरुद्ध?" हो म्हटलं. चौथ्या प्रकरणाची माझी प्रत दिली. झमकूबाई उभी राहून बोलली, लाज न धरता, चपराशी ऐकत असताना. पाय दाखवला.
साहेब: सोमवारी जागेवर येतो. मॅडमनाही बोलावतो. काम तोवर थांबवा.
थांबवा. दादाला हे सांगायचंय.
मॅडमची सही आता होईल का, माहीत नाही. दुसरं कुणी मार्गदर्शक व्हायला तयार होईल का, तेही.
परतीच्या बसमध्ये भाबी खिडकीला डोकं टेकून झोपली. झमकूबाई जागी. साखरा जवळ आल्यावर म्हणाली,
"ती मॅडम येईल सोमवारी. माझ्याच दारावरून जाईल. तिला पाणी द्यायचं का न्हाई?"
आमच्यात आलेल्याला पाणी न देणं होत नाही. हे तिला माहीत आहे. तरी तिनं मला विचारलं.
उतरून घरी आलो. दादाला अजून सांगितलेलं नाही.