बुडबुड्याची पाच वाचनं

७ जानेवारी, मुक्काम धाड
खोटं लिहिलं. पाच आकडे.
फुग्याखाली ओझोन मोजायचा डबा जातो. त्यातल्या पंपाला ठरावीक हवा ओढायला किती सेकंद लागतात, ते उडवण्याआधी पाहायचं — काचेच्या नळीत साबणाचा बुडबुडा, हातात स्टॉपवॉच, पाच वेळा. मी एकदाच पाहिलं. एकतीस. बुडबुडा अडखळला असेल, म्हटलं. वारा वाढत होता, फुगा भरून झाला होता. मागच्या खेपेचे साडेअठ्ठावीस आठवले. त्याच्या आसपासचे पाच लिहून टाकले.

९ जानेवारी
ओझोन जमिनीवरच्या यंत्रापेक्षा आठ टक्के कमी भरला. पंप मी लिहिला त्यापेक्षा मंद चालत होता. म्हणजे एकतीसच खरे होते.
आमचे प्रमुख अविनाश सर, त्यांनी माझी पाच वाचनं सगळ्यांना दाखवली — जीवनचे आकडे किती जुळतात बघा! मग दोष उरला डब्यात ओझोन टिपणाऱ्या द्रावणाचा. ते माझ्याबरोबर काम करणाऱ्या अनुपमानं केलेलं. सोमवारच्या बैठकीत तिच्या नोकरीची मुदतवाढ ठरणार आहे. आता कठीण, म्हणाले सर. तिनं माझ्याकडे पाहिलं फक्त.

१० जानेवारी
सोनाळ्याहून फोन. डबा एका संत्र्याच्या बागेत सापडला. पंप पुन्हा मोजला की सगळं उघडं पडेल.
मीच आणायला जातो, म्हटलं.

११ जानेवारी
बाग कारभारी नावाच्या शेतकऱ्याची. त्याच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, डबा पुढे ठेवला. चकचकीत.
"लय पिवळे डाग होते, बापा. साबण लावून आतून-बाहेरून धुतलं."
पंपातून फेस आला. आता काहीच सिद्ध होणार नाही.
सुटलो! — हे आधी मनात आलं. लिहून ठेवतो.
चहा पिताना कारभारीनं विचारलं, यानं काय मोजता? वरची हवा, म्हटलं.
"मंग बरोबर हाय ना आमची हवा?"
हो म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार
सरांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला नाही.

१३ जानेवारी
सकाळी द्रावणाची वही उघडली. सहा तारखेच्या पानावर अनुपमाचं अक्षर: पंपही पाहिला — ३०.७, ३१.४, ३०.९, ३१.२, ३०.८.
खाली नऊ तारखेची ओळ: जीवनदादांचे आकडे वेगळे आहेत. ते स्वतः सांगतील.
बैठक अकराला. वही घेऊन निघालो.